घटकाभर वेळ

पूर्वीच्या काळी घरोघरी भिंतीवर घड्याळ नव्हते. लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला म्हणजे पाण्याने भरलेले एक घंगाळ मांडून ठेवीत आणि त्यात तांब्याची लहानशी वाटी अलगद सोडीत. वाटीच्या तळाला अगदी बारीक छिद्र असे. त्या छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे, वाटी जड होई आणि ठरलेल्या क्षणी ती बुडून तळाशी जाई. वाटी एकदा बुडाली म्हणजे एक घटका झाली. या साधनाला घटिकापात्र असे नाव आहे. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा ६० घटका मिळून एक दिवस आणि एक रात्र होते.

या साधनाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घटिकापात्र आपोआप चालत नसे. कोणीतरी त्याच्याजवळ बसून राहावे लागे. वाटी बुडताच ती उचलून रिकामी करावी लागे आणि पुन्हा पाण्यावर सोडावी लागे. बसणाऱ्याची नजर चुकली, तर वाटी तळाशी पडून राही आणि किती वेळ लोटला हे सांगावयास कोणी उरत नसे. आज भिंतीवर घड्याळ आहे, मनगटावर आहे, खिशातील मोबाइलमध्येही आहे. त्याच्याजवळ कोणी बसावे लागत नाही. वेळ मोजण्याचे श्रम संपले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्या श्रमांबरोबर वेळेकडे लक्ष देण्याची सवयही पुष्कळांची सुटली. वाटी आजही भरते आणि बुडते. तिच्याजवळ बसणारा मात्र उठून गेला आहे.

"वेळच मिळाला नाही" हे वाक्य शाळेत जितक्या वेळा ऐकू येते, तितके दुसरे क्वचितच ऐकू येत असेल. निबंध का लिहिला नाही? वेळ मिळाला नाही. आजोबांना पत्र का पाठविले नाही? वेळ मिळाला नाही. हे वाक्य उच्चारणारा नेहमी खोटे बोलत असतो असे नाही. त्याला खरोखरच तसे वाटते. परंतु त्याच्या एखाद्या संध्याकाळचा हिशेब मांडून पाहिला, तर वेगळेच चित्र दिसते.

समजा, सहा वाजता एक विद्यार्थी इतिहासाचा धडा वाचावयास बसतो. पुस्तक दप्तरात नाही; ते शोधण्यात दहा मिनिटे जातात. पेन्सिलीला टोक नाही. टोक करता करता खिडकीबाहेर मुलांचा आरडाओरडा ऐकू येतो, म्हणून तो जरा डोकावून येतो. परत आल्यावर तहान लागते. पाणी पिऊन येताना कोणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेटच्या सामन्याची चित्रे चाललेली दिसतात. तेथे तो उभ्या उभ्या पाहू लागतो. सात वाजतात. धड्याचे पहिले पानही उलटलेले नसते, आणि खेळही झालेला नसतो. तासभर खेळला असता तरी शरीराला व्यायाम झाला असता, मन प्रसन्न झाले असते. येथे अभ्यासही गेला आणि खेळही गेला. वेळ कामात खर्च झाला नाही. काम सुरू करण्याच्या तयारीतच खर्च झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेळेची मोठी चोरी एकदम होत नाही. घटिकापात्राच्या छिद्रासारख्या बारीक वाटेने वेळ निघून जातो. ते छिद्र सापडले, तर अर्धे काम झाले. पुस्तक ठरल्या जागी ठेवणे, पेन्सिलीला रात्रीच टोक करून ठेवणे, बसण्यापूर्वी पाणी पिऊन घेणे या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. पण त्यांनीच संध्याकाळची एक घटका वाचते. आणि २४ मिनिटे म्हणजे थोडा वेळ नव्हे. तेवढ्यात गणिताची तीन-चार उदाहरणे सुटतात, एखादी कविता दोनदा मोठ्याने म्हणून होते, किंवा अंगणातील झाडांना पाणी घालून होते.

परंतु वेळ वाचविणे म्हणजे सदासर्वदा घाई करणे, असा समज करून घेणे बरोबर नाही. वेळेचा खरा उपयोग कसा करावा हे पाहावयाचे असेल, तर शेतकऱ्याकडे पाहावे. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग नक्षत्र लागते आणि पावसाची वाट पाहणे सुरू होते. पहिला चांगला पाऊस पडला की शेतकरी लगेच पेरावयास धावत नाही. जमीन फार ओली असेल, तर चिखल तिफणीला चिकटतो आणि बी नीट पडत नाही. जमीन कोरडी पडू दिली, तर बी उगवत नाही. या दोहोंच्या मधली, पेरणीला योग्य अशी जी ओल, तिला वाफसा म्हणतात. वाफसा येईपर्यंत शेतकरी थांबतो. वाफसा आला की तो थांबत नाही. त्या दिवशी तो पाहुण्याला भेटत नाही आणि बाजारालाही जात नाही. बी त्याने आधीच निवडून ठेवलेले असते आणि तिफण दुरुस्त करून ठेवलेली असते. वाफसा आल्यावर जो तिफण दुरुस्त करावयास बसेल, त्याचे शेत मागे पडल्यावाचून राहणार नाही.

शेतकऱ्याला घड्याळ दाखविण्याची गरज नसते. त्याला वेळ मोजण्यापेक्षा वेळ ओळखणे अधिक महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्याच्या जीवनातही असा वाफसा असतो. गणिताची नवी रीत ज्या दिवशी वर्गात शिकविली, त्याच संध्याकाळी तिची दोन उदाहरणे सोडविली तर ती मनात रुजते. तीच रीत महिनाभराने उघडली, तर जमीन कोरडी पडलेली असते. मग एका घटकेच्या कामाला चार घटका लागतात. ज्याला वेळ ओळखता येतो, त्याला घाई करावी लागत नाही. घाई बहुधा त्यालाच करावी लागते, ज्याने योग्य वेळ हातची घालविलेली असते.

काही विद्यार्थी या दोषावर उपाय म्हणून वेळापत्रक तयार करतात. मोठा कागद आणतात, त्यावर रंगीत रेघा ओढतात, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत एकही मिनिट मोकळे सोडीत नाहीत. तीन दिवस ते वेळापत्रक पाळले जाते. चौथ्या दिवशी घरी पाहुणे येतात, किंवा नळाला पाणी उशिरा येते, किंवा आई आजारी पडते. वेळापत्रक एकदा मोडले की ते कायमचे मोडते, आणि भिंतीवरचा कागद विद्यार्थ्याला वाकुल्या दाखवीत राहतो. मग त्याला वाटू लागते, की नियमितपणा आपल्या स्वभावातच नाही.

येथे दोष विद्यार्थ्याच्या स्वभावाचा नसून वेळापत्रकाचा असतो. ज्या घरात पाहुणे येत नाहीत, ज्या घरात कोणी आजारी पडत नाही, अशा घरासाठी ते तयार केलेले असते. आणि तसे घर जगात कोठेही नाही. शिंपी कापड कापताना शिवणीसाठी थोडे अधिक कापड सोडतो. दिवसाची आखणी करतानाही तसाच थोडा मोकळा वेळ सोडला पाहिजे. रोजच्या दोन-तीन मुख्य कामांना निश्चित वेळ द्यावा, एखादी घटका मोकळी ठेवावी, आणि खेळाला व झोपेला त्यांचा वाटा न कुरकुरता द्यावा. झोप आणि खेळ यांत गेलेला वेळ वाया गेला असे समजणे चुकीचे आहे. वाढत्या वयाच्या मुलाला पोटभर झोप मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी तो वर्गात बसतो खरा. पण त्याचे लक्ष तेथे बसत नाही. मैदानावर मित्रांबरोबर धावणे, पावसाळी दुपारी पागोळ्या गळताना स्वस्थ बसून पाहणे, हेही जीवनाला आवश्यक आहे. दिवसाची आखणी नीट असावी ती अशा गोष्टींना जागा राहावी म्हणूनच.

तरीही कोणी म्हणेल, की मोकळा वेळ भरपूर मिळाला असता तर मोठी कामे आपोआप झाली असती. तसे घडत नाही. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी बावन्न वर्षांचे होते. प्रकृती चांगली नव्हती, घर दूर होते, सहकाऱ्यांची भेट नव्हती. तुरुंगात वेळाला तोटा नसतो. परंतु तो वेळच मनुष्याला खावयास उठतो. टिळकांनी त्या वेळाला आपल्यावर स्वार होऊ दिले नाही. त्यांनी ग्रंथ मागविले, वाचन केले, नव्या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ पेन्सिलीने लिहून काढला. १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली व १९१५ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका हिवाळ्यात एवढा ग्रंथ लिहून झाला, याचे आश्चर्य वाटते. पण त्या हिवाळ्याच्या मागे अनेक वर्षांचे चिंतन होते. बी निवडलेले होते, तिफण दुरुस्त होती. वाफसा आला आणि पेरणी झाली. मोकळा वेळ तुरुंगातील इतर बंदिवानांनाही होताच. मोकळा वेळ स्वतः काहीच करीत नाही. त्याला कोणत्या कामाला लावावयाचे हे ज्याच्या मनात आधी ठरलेले असते, त्याच्याच हातून काम होते.

येथपर्यंत एका मनुष्याच्या वेळेचा विचार झाला. परंतु कोणाचाही वेळ पूर्णपणे त्याच्या एकट्याचा नसतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. मुंबई शहराचा इतिहास या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. पूर्वी गावोगावचा माध्यान्ह वेगळा असे. ज्या गावी सूर्य माथ्यावर येई तेथे दुपारचे बारा वाजत. आगगाडी सुरू झाल्यावर हे चालेना. १९०६ मध्ये सर्व देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरविण्यात आली. पण मुंबईने आपली स्थानिक वेळ एकदम सोडली नाही. ही स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. पुढे कित्येक वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. भेट ठरविताना नुसते "पाच वाजता" म्हणून भागत नसे. पाच कोणत्या घड्याळाचे, हेही विचारावे लागे. शेवटी मुंबईलाही देशाची वेळ मान्य करावी लागली. माणसे एकमेकांच्या संगतीने राहतात, म्हणून त्यांना एका वेळेने चालावे लागते. घड्याळ हा माणसांनी एकमेकांशी केलेला एक करार आहे.

हा करार मनापासून पाळणारी माणसे त्याच मुंबईत पाहावयास मिळतात. डोक्यावर पांढरी टोपी घातलेले डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे काम करीत आले आहेत. त्यांतील बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या कुटुंबांतील असतात. सकाळी घरोघर जाऊन ते जेवणाचे डबे गोळा करतात, सायकलीवरून स्टेशनावर आणतात, झाकणावरील खुणा पाहून त्यांची वाटणी करतात आणि लोकलच्या मालडब्यात चढवितात. उतरण्याच्या स्टेशनावर दुसरे हात तयार असतात. तेथे पुन्हा वाटणी होते आणि दुपारच्या जेवणापूर्वी प्रत्येक डबा आपल्या धन्याच्या टेबलावर पोहोचतो. दुपारनंतर रिकामे डबे याच मार्गाने घरी परततात. २०२० च्या कोरोना साथीनंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ कमी झाली, तरी त्यांचे काम थांबलेले नाही.

एका डब्याला वाटेत अनेक हात लागतात. लोकल स्टेशनावर फार वेळ उभी राहत नाही. तेवढ्या अवधीत डब्यांची भरलेली अवजड पाटी चढवावी वा उतरवावी लागते. पहिला मनुष्य दोन मिनिटे उशिरा आला, तर गाडी चुकते. गाडी चुकली, तर पुढच्या स्टेशनावरील सोबती हात चोळीत उभे राहतात. आणि शेवटी कचेरीत बसलेला कोणी अपरिचित मनुष्य उपाशी राहतो. म्हणून डबेवाला वेळ पाळतो. आपण ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाची भूक त्याच्या पाटीत असते.

वेळ पाळणे हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. तो दुसऱ्याचा मान राखण्याचा प्रश्न आहे. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात एखाद्याच्या उशिरा येण्यामुळे धडा पाच मिनिटे थांबला, तर वरवर पाहता पाचच मिनिटे गेली. पण ती चाळीस जणांची पाच-पाच मिनिटे आहेत. त्यांची बेरीज २०० मिनिटे, म्हणजे आठ घटकांहून अधिक होते. कोणाच्या खिशातून आठ रुपये काढून घेण्यास तो विद्यार्थी कधीही धजणार नाही. परंतु आठ घटका काढून घेताना त्याला काहीच वाटत नाही. रुपये परत करता येतात. घटका परत करता येत नाहीत.

घरातही हेच घडते, आणि तेथे ते अधिक सहजपणे घडते. एका घरात एक भाऊ आणि एक बहीण आहेत असे मानावे. दोघेही एकाच शाळेत जातात. शाळेतून आल्यावर भाऊ दप्तर टाकून खेळावयास जातो. बहीण पाणी भरते, भांडी घासते, धाकट्या भावंडाला सांभाळते, भाकऱ्या करणाऱ्या आईच्या हाताखाली उभी राहते. रात्री भाऊ पुस्तक घेऊन बसतो तेव्हा तिच्या डोळ्यांवर झोप आलेली असते. परीक्षेत ती मागे पडते. मग कोणीतरी तिला उपदेश करतो, की तू वेळेचे नियोजन करावयास शीक. हा उपदेश अन्यायाचा आहे. ज्याच्या हातात घटका आहेत त्यानेच त्यांचे नियोजन करावयाचे असते. जिच्या सर्व घटका इतरांनी वाटून घेतल्या आहेत, तिने नियोजन करावयाचे ते कशाचे?

ही केवळ कल्पना नव्हे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत आढळले. जुन्या मापाने सांगावयाचे तर स्त्रीच्या जवळजवळ साडेबारा घटका, आणि पुरुषाच्या चार. शिवाय दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी ही कामे करीत होत्या, तर दर शंभर पुरुषांपैकी सुमारे २६ जण. दिवसाच्या ६० घटका सर्वांना सारख्याच मिळतात असे म्हणण्याची पद्धत आहे. मिळतात सारख्या हे खरे. पण हातात उरतात त्या सारख्या नसतात.

म्हणून जो आपला वेळ नीट वापरू इच्छितो, त्याने प्रथम एक प्रश्न स्वतःला विचारावा : माझी किती कामे दुसऱ्याच्या वेळात होतात? सदरा सापडत नाही म्हणून आईला हाका मारणे, जेवलेले ताट तेथेच टाकून उठणे, वही शाळेत विसरून बहिणीला शेजारी धाडणे, हा सर्व दुसऱ्याच्या वेळेवर घातलेला हात आहे. जो आपले ताट स्वतः घासतो, आपले अंथरूण स्वतः काढतो आणि रोज पाण्याच्या दोन कळशा आणतो, त्याचा फार तर एक घटका वेळ जातो. त्या एका घटकेने बहिणीला पुस्तक उघडता येते. अशा वेळी खेळातील एक घटका गेली, तर तिचे दुःख मानण्याचे कारण नाही. मोबदला म्हणून त्या घरात शिकणारी दोन मुले होतात. आधी एकच होते.

आपल्या वेळेतील वाटा दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी देणाऱ्या एका थोर पुरुषाचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. धोंडो केशव कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथबालिकाश्रम ही संस्था काढली. विधवा स्त्रियांना शिक्षण द्यावे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा तिचा हेतू. १९०० मध्ये शहराबाहेर हिंगणे येथे एका साध्या झोपडीत आश्रमाचे काम सुरू झाले. महाविद्यालयातील दिवसाचे काम आटोपले, की संध्याकाळी कर्वे पायी हिंगण्याची वाट धरीत. त्या वेळी तो रस्ता चांगला नव्हता. पावसाळ्यात चिखल असे, अंधार असे. तरी ते जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामावर वेळेवर हजर होत.

कर्व्यांना दिवसाच्या ६० घटकांहून एकही घटका अधिक मिळालेली नव्हती. संसार होता, नोकरी होती, लोकांची टीकाही होती. "मला वेळ नाही" असे त्यांनी म्हटले असते, तर ते कोणालाही खरे वाटले असते. त्यांनी ते म्हटले नाही. दिवसाचे काम चोख करून उरलेल्या घटका त्यांनी अशा स्त्रियांना दिल्या, ज्यांच्या वेळेवर व जीवनावर समाजाने त्यांचा स्वतःचा हक्कच ठेवला नव्हता. त्या झोपडीतील कामातूनच पुढे मोठी संस्था उभी राहिली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना झाली. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना 'भारतरत्न' हा बहुमान मिळाला. एवढ्या मोठ्या कार्याचा आरंभ रोजच्या संध्याकाळच्या पायपिटीने झाला, ही गोष्ट लहान मुलांनी विशेष लक्षात ठेवावी. रोज दिलेली थोडी घटका आणि एकदाच दिलेला पुष्कळ वेळ, यांत पहिलीचे सामर्थ्य अधिक असते.

वेळ तिजोरीत ठेवता येत नाही. आज वाचविलेली घटका उद्यासाठी साठवून ठेवीन असे कोणी म्हटले, तर ते व्यर्थ आहे. ती आजच कोणत्या तरी कामी लावावी लागते. म्हणून वेळ वाचविणाऱ्याचे काम वाचविण्याने पुरे होत नाही. वाचविलेली घटका कोठे गेली, हेही पाहावे लागते. ती अभ्यासात गेली, खेळात गेली, आजीच्या पायांना तेल चोळण्यात गेली, बहिणीच्या हातातील कळशी आपल्या हाती घेण्यात गेली, तर ती सार्थकी लागली. ती आपल्याच आळसाने गिळली, तर वाचविली काय आणि न वाचविली काय, सारखेच.

लग्नघरी घटिकापात्राजवळ बसणाऱ्या मनुष्याची आठवण येथे पुन्हा होते. मांडवात सनई वाजत असे, मुले धावत असत, पंगतींची तयारी चालू असे. तो मात्र एका बाजूला स्वस्थ बसून पाण्यावरील वाटीकडे पाहत असे. त्याने नजर हलविली नाही, म्हणून मुहूर्त चुकला नाही. आणि साऱ्या मांडवाने एकाच क्षणी अक्षता टाकल्या. आज घराघरात तशी वाटी नाही. परंतु आपल्या घटकांवर आणि दुसऱ्यांच्या घटकांवर नजर ठेवणारा एक तरी मनुष्य प्रत्येक घरात असला पाहिजे. आणि तो घरातील सर्वांत लहान विद्यार्थी असला, तरी चालेल.